जुन्या कॅम्परची गॅस टाकी: भरायची कुठे, की काढायची?

प्रश्न थोडक्यात असा आहे. साताऱ्यातल्या एका गृहस्थांनी वापरलेली टेम्पो ट्रॅव्हलर घेतली. आधीच्या मालकाने तिचा कॅम्पर करून घेतला होता. आत दोन बर्नरची शेगडी आणि छोटं सिंक आहे, आणि गाडीच्या पोटाखाली, चासीला पट्ट्यांनी आवळलेली एक आडवी गॅसची टाकी. टाकीवरची प्लेट गंजून गेलीय, काटा कायम अर्ध्यावर उभा असतो, शेगडीची ज्योत पिवळी येते आणि पातेल्याला काजळी धरते. आधीचा मालक म्हणे ती ऑटो एलपीजीच्या पंपावर भरून आणायचा. ते विचारतात: टाकीची निगा कशी राखू, आणि सातारा-कराड भागात ती भरून कुठे मिळेल?

दादा, दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण ते कळल्यावर पहिल्यातला अर्धा भाग गळून पडतो. तुमची टाकी कायदेशीर मार्गाने भरून देणारं ठिकाण साताऱ्यात नाही, कराडला नाही आणि सांगली-मिरजेलाही नाही. कॅम्परच्या टाकीत प्रोपेन भरून देणारा पंप ही अमेरिकेतली सोय आहे. तिकडचे व्हिडिओ बघून आपल्याकडे तसाच पंप शोधत फिरण्यात अर्थ नाही. आपल्याकडे स्वयंपाकाचा गॅस भरून मिळत नाही, भरलेला सिलिंडर बदलून मिळतो. त्यामुळे खरा प्रश्न टाकी कुठे भरायची हा नसून, सिलिंडर बदलता येईल अशी गाडी कशी करायची हा आहे.

तरीही खाली काय लटकतंय ते आधी ओळखायला हवं. काढायची पद्धत त्यावर ठरते, आणि सध्या शेगडी पेटवायची की नाही हेही.

टाकी तीनपैकी एका जातीची असेल. पहिली जात मोटारीच्या एलपीजी किटची टाकी. हिच्यावर एकाच गोल ठोकळ्यात भरायची वाट, काटा आणि बाहेर जाणारी नळी असं सगळं एकत्र बसवलेलं असतं. त्याला मल्टीव्हॉल्व्ह म्हणतात. त्यावर बहुतेक वेळा झाकणाची डबी असते आणि तिच्यातून गाडीबाहेर जाणारी जाड नळी. दुसरी जात परदेशी कॅम्परची प्रोपेन टाकी. हिच्यावर भरायचा व्हॉल्व्ह, गॅस घ्यायचा व्हॉल्व्ह आणि जादा दाब सोडणारा सेफ्टी व्हॉल्व्ह वेगवेगळे बसवलेले असतात. शिवाय ८० टक्के पातळी दाखवणारा एक बारीक स्क्रू असतो. टाकी भरताना तो सैल ठेवतात आणि त्यातून वायूऐवजी पांढरा फवारा आला की भरणं थांबवतात. तिसरी जात म्हणजे कुणीतरी इथेच वेल्डिंग करून केलेली टाकी. तिच्यावर ना शिक्का ना नंबर. ही निघाली तर पुढे काही वाचू नका, गाडी मोकळ्यावर लावा, व्हॉल्व्ह बंद करा आणि जाणकार माणूस बोलवा.

तुमच्या वर्णनावरून आणि ऑटो एलपीजीच्या पंपाच्या उल्लेखावरून मला पहिली जात वाटते. तसं असेल तर शेगडी आजपासून बंद. कारण सांगतो.

टाकीत गॅस द्रवरूपात असतो आणि त्यावर थोडी मोकळी जागा असते, तिथे वाफ असते. स्वयंपाकाच्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह वरच्या टोकाला असतो, म्हणून तो फक्त वाफ घेतो. मोटारीच्या टाकीत मात्र आतली नळी तळापर्यंत जाते आणि मुद्दाम द्रव उचलते. इंजिनाजवळ व्हेपोरायझर असतो, रेडिएटरचं गरम पाणी त्यातून फिरतं, तिथे द्रवाची वाफ होते. ही टाकी सरळ शेगडीला जोडली तर मधे व्हेपोरायझर नाही. द्रव रेग्युलेटरपर्यंत येतो, तिथे उकळतो, रेग्युलेटर गारठतो, त्यावर दव किंवा बर्फ धरतो आणि आतला पडदा नीट हलेनासा होतो. १ लिटर द्रवातून साधारण २५० लिटर वायू होतो. रेग्युलेटरने थोडा जरी द्रव पुढे सोडला, तरी बर्नरवरची बोटभर ज्योत क्षणात छताला लागेल. तोवर लक्षणं साधीच असतात: ज्योत मधेच फुगते, मधेच बसते, पिवळी पडते, काजळी धरते. म्हणून पिवळी ज्योत म्हटलं की लोक बर्नर घासायला घेतात, मी आधी टाकी बघतो.

जाता जाता हेही सांगतो. साधा सिलिंडर आडवा ठेवला की तोही असाच द्रव देतो. गाडीत जागा नाही म्हणून पलंगाखाली सिलिंडर आडवा टाकणारे बरेच दिसतात. सिलिंडर उभाच हवा, वापरतानाही आणि प्रवासातही. उभा असला तरच सेफ्टीची यंत्रणा वाफेच्या बाजूला राहते.

टाकी परदेशी प्रोपेनची असेल, प्लेट वाचता येत असेल आणि सांगाडा शाबूत असेल, तर तांत्रिकदृष्ट्या ती चांगली वस्तू आहे. पण आपल्याकडे दाबाखालच्या गॅसची टाकी किंवा सिलिंडर भरायचा तर त्याला नागपूरच्या पेसोची, म्हणजे पेट्रोलियम आणि स्फोटके सुरक्षा संघटनेची, मान्यता लागते. ती नसेल तर परवाना असलेला कोणताही प्लांट हात लावणार नाही. ऑटो एलपीजीचा पंपवालाही फक्त गाडीच्या आरसीवर नोंद असलेल्या इंधनाच्या टाकीत गॅस भरू शकतो, शेगडीच्या टाकीत नाही. आधीच्या मालकाला भरून मिळत होता, म्हणजे कुणीतरी डोळेझाक करत होतं, एवढाच त्याचा अर्थ.

राहिला घरच्या सिलिंडरातून गॅस उतरवून घेण्याचा मार्ग. नळी लावून एका सिलिंडरातला गॅस दुसऱ्यात सोडणारे गल्लीबोळात सापडतात. एलपीजी पुरवठा आणि वितरणाच्या २००० सालच्या आदेशाने ते सरळ गुन्हा ठरतं, पण त्याहून मोठी अडचण मापाची आहे. द्रव गॅस तापला की फुगतो, त्याला जागा लागते. १४.२ किलोच्या सिलिंडरात पाणी भरलं तर ३३.३ लिटर मावतं, म्हणजे लिटरमागे जेमतेम ४२६ ग्रॅम गॅस. पाचवा हिस्सा मोकळा राहावा म्हणून तो हिशेब आहे. गल्लीतल्या भरणाऱ्याकडे बहुतेक वेळा वजनकाटा नसतो. टाकी काठोकाठ भरली आणि एप्रिलात जतच्या माळावर गाडी उन्हात उभी राहिली, की मोकळी जागा संपते. मग वाफेचा दाब हा विषयच उरत नाही. न दबणारा द्रव पोलाद ताणायला लागतो. सेफ्टी व्हॉल्व्ह उघडला तर नशीब, आणि तो गाडीखाली, सायलेन्सरच्या बाजूला उघडला तर तेही नशीब नाही.

टाकी काढण्याबद्दल. वाफ देणारी टाकी असेल तर उरलेला गॅस मोकळ्या पटांगणात, सगळी दारं उघडी ठेवून, शेगडीवरच जाळून संपवता येतो. मोटारीची टाकी असेल तर तेही करू नका. ती एलपीजी किट बसवणाऱ्या अधिकृत वर्कशॉपमध्येच उतरवून घ्या, त्यांच्याकडे गॅस काढून घ्यायची व्यवस्था असते. ज्योत विझली म्हणजे टाकी रिकामी झाली असं नाही. आत बाहेरच्या हवेच्या दाबाइतका गॅस उरतोच, आणि व्हॉल्व्ह काढल्यावर त्यात हवा मिसळली की मिश्रण पेट घेण्याजोगं होतं. त्यामुळे ग्राइंडर, गॅस कटर, वेल्डिंग यातलं काहीही टाकीजवळ आणायचं नाही. गंजलेले बोल्ट हॅक्सॉने कापा, पाणी मारत मारत. भंगारात देण्याआधी व्हॉल्व्ह उतरवून टाकी पाण्याने पूर्ण भरून, ओतून, मगच द्या. भंगारवाला ती कटरनेच कापणार आहे.

आता नवी रचना. कॅम्परसाठी योग्य सिलिंडर म्हणजे बाजारात खुल्या विक्रीला असणारा ५ किलोचा: इंडेनचा छोटू, एचपीचा अप्पू, भारत गॅसचा मिनी. पत्त्याचा पुरावा लागत नाही, ओळखपत्र पुरतं. वितरकाकडे तर मिळतोच, काही पेट्रोल पंपांवरही मिळतो, आणि गाव बदललं तरी त्याच कंपनीच्या विक्रेत्याकडे रिकामा देऊन भरलेला घेता येतो. भटकणाऱ्याला नेमकं हेच हवं असतं. दर बाजारभावाने लागतो, त्याची कुरकुर करू नका. घरच्या जोडणीचा १४.२ किलोचा लाल सिलिंडर त्या घरच्या स्वयंपाकासाठी आहे. तो गाडीत टाकून हिंडणं नियमात बसत नाही, आणि वजनाला-उंचीला गाडीत सोयीचाही नाही.

५ किलो किती पुरतो हे आधीच काढून ठेवा. २ किलोवॅटचा बर्नर पूर्ण उघडा ठेवला तर तासाला साधारण १५५ ग्रॅम गॅस जळतो, म्हणजे एका सिलिंडरात ३२ तासांच्या आसपास. दोन माणसांचा चहा, नाष्टा, एक वेळचं जेवण धरून रोज दीड-दोन तास शेगडी चालते. सिलिंडर पंधरा-वीस दिवस जातो. दोन सिलिंडर ठेवले, एक चालू आणि एक राखीव, तर महिनाभर चिंता नाही. मग चाळीस-पन्नास लिटरची टाकी हवीच कशाला?

सिलिंडर घेताना तीन गोष्टी तिथेच बघा. कड्याच्या आतल्या पट्टीवर ए, बी, सी, डी यापैकी अक्षर आणि सालाचे दोन आकडे रंगवलेले असतात. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी एप्रिल ते जून, सी जुलै ते सप्टेंबर, डी ऑक्टोबर ते डिसेंबर. डी-२८ असेल तर त्याची पुढची चाचणी २०२८ च्या डिसेंबरपर्यंत. तारीख उलटलेला सिलिंडर परत करा. मग वजन: रिकाम्याचं वजन सिलिंडरवर लिहिलेलं असतं, त्यात ५ मिळवा आणि काट्यावर जुळवा. तिसरी गोष्ट व्हॉल्व्हमधलं रबरी कडं, ओ-रिंग. टोपी काढून व्हॉल्व्हच्या खळग्यात चमचाभर पाणी टाका. बुडबुडे आले तर व्हॉल्व्हच गळतोय, म्हणून सिलिंडर नको. नाही आले तर पाणी टिपून कडं आहे का, चिरलेलं आहे का ते बोटाने चाचपा. रेग्युलेटर बसवल्यावर येणारा गॅसचा वास बहुतेक वेळा या कड्यामुळेच असतो. रेग्युलेटर सोबत न्या आणि तिथेच लावून बघा. सगळ्या व्हॉल्व्हना एकच रेग्युलेटर बसत नाही.

रेग्युलेटर आयएसआय शिक्क्याचा, घरगुती दाबाचाच घ्या. त्याचा दाब ३० मिलिबार, म्हणजे पाण्याचा ३० सेंटिमीटर उंचीचा स्तंभ. वडापावच्या गाड्यावर चावी फिरवून दाब वाढवायचा हाय प्रेशर रेग्युलेटर असतो. तो स्वस्त मिळतो आणि ज्योतही जोरदार देतो, म्हणून लोक लावतात. घरगुती शेगडीच्या चाव्या आणि जोड त्या दाबासाठी केलेले नसतात.

शेगडी परदेशी असेल तर तिची प्लेट वाचा. युरोपातल्या बऱ्याच शेगड्यांवर २८-३० किंवा ३० मिलिबार लिहिलेलं असतं, त्या आपल्या रेग्युलेटरवर चालतात. जुन्या जर्मन गाड्यांत ५० मिलिबारची उपकरणं असतात. ती आपल्या गॅसवर मरगळल्यासारखी पेटतात. त्यांना दाब वाढवून देण्यापेक्षा शेगडी बदलणं स्वस्त आणि शहाणपणाचं. अमेरिकन शेगडीचा दाब आपल्या जवळपास जुळतो, पण तिचे जेट, म्हणजे गॅस सुटायच्या बारीक भोकाच्या तोट्या, निव्वळ प्रोपेनसाठी असतात. आपला गॅस प्रोपेन आणि ब्युटेनचं मिश्रण आहे, ब्युटेनला जास्त हवा लागते, म्हणून ज्योतीचं टोक पिवळं येतं. बर्नरच्या नळीवर हवेची चकती असते, ती थोडी उघडली की निळी होते. तुमची शेगडी इथलीच असेल, तर टाकीचा प्रश्न मिटल्यावरही पिवळेपणा राहिला तर जेट आणि बर्नरची नळी साफ करा. बंद गाडीत कोळी त्या नळीत जाळं करतात. जेटमध्ये तार घालू नका, भोक मोठं होतं. काढून रॉकेलमध्ये भिजवा आणि फुंकून घ्या.

सिलिंडरचा कप्पा हा सगळ्यात महत्त्वाचा भाग, इथे घाई नको. तत्त्व एकच आहे. गॅस हवेपेक्षा दीड ते दोन पट जड असतो, गळला की खाली बसतो आणि पाण्यासारखा उताराकडे वाहतो. म्हणून कप्पा राहण्याच्या जागेपासून पूर्ण बंद आणि तळातून बाहेर उघडा हवा. कप्प्याचं दार गाडीच्या बाहेरून उघडणारं ठेवा. ट्रॅव्हलरमध्ये मागच्या दाराशी, सायलेन्सरच्या विरुद्ध बाजूचा कोपरा बरा पडतो. युरोपातल्या मानकात तळाच्या झरोक्याचं मोकळं क्षेत्रफळ कप्प्याच्या तळाच्या २ टक्के आणि कमीत कमी १०० चौरस सेंटिमीटर सांगितलंय. म्हणजे १० बाय १० सेंटिमीटरचं भोक. पण त्यावर उंदीर आणि खडे अडवायला जाळी लावणार, जाळीच्या तारा जागा खातात, म्हणून १२ बाय १२ कापा. झरोक्याच्या खाली सायलेन्सर, बॅटरी किंवा डिझेल टाकीचं तोंड येता कामा नये. कप्प्यात स्विच, रिले, इन्व्हर्टर, दिवा काही नको. आतल्या बाजूचे सगळे सांधे सिलिकॉनने बुजवा. मग कप्प्यात उदबत्ती पेटवून (सिलिंडर नसताना, हे सांगायला नको) दार लावा आणि आत गाडीत धूर येतो का बघा. येत असेल तर गॅसही येईल.

सिलिंडर दोन ठिकाणी बांधा, एक पट्टा खालच्या तिसऱ्या भागात आणि एक वरच्या. रॅचेटचे नायलॉन पट्टे चालतात, कपडे वाळत घालायची दोरी चालत नाही. खंबाटकीत किंवा यवतेश्वरच्या वळणांवर भरलेला सिलिंडर सुटला तर आधी रेग्युलेटर मोडतो.

कप्प्यातून शेगडीपर्यंत तांब्याची नळी, ८ मिलिमीटर बाहेरच्या व्यासाची, एका अखंड तुकड्यात. दर ५० सेंटिमीटरला रबर लावलेली क्लिप. पत्र्यातून जाते तिथे रबरी ग्रॉमेट, नाहीतर वर्षभराच्या हादऱ्याने पत्रा नळीला करवतीसारखा कापतो. टोकं फ्लेअर करून, म्हणजे नळीचं तोंड कर्ण्यासारखं पसरवून, पितळी नटने जोडा. फ्लेअरच्या जोडाला टेफलॉन टेप लावायची नसते, तिथे धातू धातूवर बसून सील होतो आणि टेपने उलट जोड सैल राहतो. साध्या कथलाचे डाग नकोत. शेगडीच्या अलीकडे, हाताला येईल अशी पिवळ्या दांड्याची बॉल व्हॉल्व्ह बसवा. नारिंगी सुरक्षा होज फक्त कप्प्यात, रेग्युलेटरपासून तांब्याच्या नळीपर्यंत, जेवढी लागेल तेवढीच. तिच्यात पोलादी तारेची जाळी असते, म्हणून उंदरांना दाद देत नाही. उभ्या गाडीत उंदीर हा गळतीचं मोठं कारण आहे. होजवर उत्पादनाचा महिना-साल छापलेलं असतं, तिथून ५ वर्षं धरा, बसवल्या दिवसापासून नव्हे.

आता चाचणी. साबणाचं पाणी सगळे लावतात आणि ते लावावंच, पण त्याने फक्त हाताला येणारे जोड कळतात. पूर्ण लाइन घट्ट आहे का हे कळायला पाण्याची यू-नळी करा. गवंडी लेव्हल काढायला वापरतात ती पारदर्शक नळी दोन मीटर घ्या, फळीवर इंग्रजी यू अक्षरासारखी ठोका, अर्ध्यापर्यंत पाणी भरा, दिसायला सोपं जावं म्हणून थोडी नीळ घाला. मागे मोजपट्टी. नळीचं एक टोक एका बर्नरच्या जेटवर घट्ट चढवा, दुसरं टोक उघडं राहू द्या, आणि त्या बर्नरची चावी उघडा. बाकीच्या बंद.

सिलिंडर चालू केला की एका बाजूचं पाणी १५ सेंटिमीटर उतरेल, दुसऱ्या बाजूचं १५ चढेल, फरक ३०. काही वापरात नसताना तो थोडा जास्त दिसतो, ते ठीक. पण तसाच पाच मिनिटं बघत राहा. फरक हळूहळू वाढतच चालला तर रेग्युलेटर आतून गॅस सोडतोय, तो दुरुस्त होत नाही, बदला. मग दुसरा बर्नर पूर्ण पेटवा. फरक २५ च्या खाली घसरला तर वाटेत कुठेतरी चोंदलंय किंवा नळी दुमडलीय. शेवटी बर्नर विझवा, रेग्युलेटर बंद करा, त्या दुसऱ्या बर्नरची चावी क्षणभर उघडून थोडा गॅस जाऊ द्या आणि फरक २० वर आणा. मग तीन-चार मिनिटं थांबा. पाणी हललं नाही तर लाइन घट्ट आहे. फरक कमी झाला तर पुढे गळती. फरक वाढला तर सिलिंडरचा व्हॉल्व्ह किंवा रेग्युलेटर बंद असूनही गॅस सोडतोय. २० वर आणायचं ते याचसाठी. नळी ३० वरच ठेवली तर मागून झिरपणारा गॅस पुढची गळती भरून काढतो आणि सगळं ठीक आहे असं वाटतं. हे सगळं सावलीत करा. ऊन लागलं की नळीतला वायू फुगतो आणि आकडे फसवतात.

ही चाचणी वर्षातून दोनदा: मे अखेरीस पावसाच्या तोंडावर, आणि पाऊस संपल्यावर. दुसरीसाठी खंडेनवमीचा दिवस छान आहे, अवजारं पुजायची तर तपासूनच पुजावीत. पावसाळ्यात कोयना, कास, महाबळेश्वर भागात फिरलेल्या गाडीत कप्प्याचा तळ, पट्ट्यांचे बोल्ट आणि सिलिंडरचं खालचं कडं आधी गंजतं. खाली रबरी चटई ठेवा, पण झरोका झाकू नका. झरोक्यातला चिखल पिनने नव्हे, हाताने काढा. रेग्युलेटरवर एक बारीक श्वासाचं भोक असतं, पडदा हलायला हवा आत-बाहेर करते ती वाट. कुंभारीण माशी तिथे मातीचं घर बांधते, मग रेग्युलेटर दाब धरत नाही. त्या भोकाचं तोंड खाली येईल असा रेग्युलेटर ठेवा.

उरलेला गॅस मोजायला गेजच्या काट्यावर भरवसा नको, सामान तोलायचा हुकाचा काटा घ्या. तो नसेल तर ओल्या फडक्याने सिलिंडर पुसून दोन मिनिटं थांबा. द्रव आहे तिथपर्यंतचा ओलावा उशिरा वाळतो, रेष स्पष्ट दिसते. महाबळेश्वरला डिसेंबरच्या पहाटे सिलिंडर संपत आला असेल तर ज्योत मंद होते. प्रोपेन उणे ४२ अंशाला उकळतं, ब्युटेन उणे अर्ध्या अंशाला. त्यामुळे प्रोपेन आधी निघून जातं आणि तळाला ब्युटेन उरतं, ते थंडीत आळसावतं. सिलिंडर बदला. त्यावर उकळतं पाणी ओतणं किंवा शेगडीजवळ नेणं नको.

वापरातल्या गोष्टी थोडक्यात. गाडी चालू करण्याआधी रेग्युलेटर बंद. डिझेल भरताना सगळ्या ज्योती बंद, गॅसवरचा फ्रिज असेल तर त्याचीही. बामणोली-तापोळ्याच्या तराफ्यावर गाडी चढवण्याआधीही तेच. एलपीजीचा अलार्म जमिनीपासून फूटभराच्या आत लावा, कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म झोपल्यावर डोकं येतं त्या उंचीवर. एलपीजीचा अलार्म लायटरचा गॅस सोडून तपासू नका, सेन्सर खराब होतो, बटण पुरतं. २ किलोची पावडरची अग्निशामक नळकांडी दाराजवळ, शेगडीच्या मागे नव्हे. थंडीत ऊब म्हणून शेगडी पेटती ठेवून झोपणं आणि गाडीच्या आत गॅस गीझर बसवणं, या दोन्हीला माझ्याकडे "जपून करा" असं उत्तर नाही. नाहीच.

वास आला तर कुठल्याही स्विचला हात नको, पाण्याच्या पंपाच्याही नाही. दिवा चालू असेल तर चालूच राहू द्या. रेग्युलेटर बंद, सगळी दारं उघडी, माणसं बाहेर. गॅस तळाला बसलेला असतो, म्हणून नुसत्या खिडक्या उघडून भागत नाही, मागचं दार पूर्ण उघडा. मग लांब जाऊन १९०६ ला फोन. हा एलपीजी गळतीचा चोवीस तासांचा क्रमांक आहे.

कागदाचं राहिलं. मोटर वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीत केलेले बदल आरटीओकडे नोंदवावे लागतात, आणि मोटर कॅरॅव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे वेगळं मानक आहे. तुमची आरसी बघा. तिच्यावर कॅरॅव्हॅन किंवा एलपीजी किटची काही नोंद आहे की गाडी अजून प्रवासी वाहन म्हणूनच आहे, यावर पुढची धावपळ ठरेल. एमएच-११ ची असेल तर साताऱ्याच्या, एमएच-५० ची असेल तर कराडच्या कार्यालयात आधी विचारा, मग कप्पा कापायला घ्या. विमा कंपनीलाही लेखी कळवा. चासीखालच्या बेनोंद टाकीसह गाडीला आग लागली तर दावा नाकारायला त्यांना दुसरं कारण लागणार नाही.

टाकीवरचा मल्टीव्हॉल्व्ह किंवा सुटे व्हॉल्व्ह, जे असेल त्याचा आणि आरसीचा नीट फोटो काढून ठेवा. वर्कशॉपवाल्याला फोनवर तेच आधी लागेल. तोवर टाकीचा व्हॉल्व्ह बंद, आणि चहा बाहेर टपरीवर.